तुझं डोकं का दुखत होतं

आई, तुझं डोकं का दुखत होतं ते मला आता कळलंय. कळायला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांच्यातलं कोणी उरलं नाही. आजी केव्हाच गेली, बाबाही गेले. उरलीस तू. म्हणून तुलाच लिहायला बसलेय. गॅलरीत खुर्ची टाकलीय, आत माझी नात झोपलीय आणि तिच्या शेजारी तिची आई, म्हणजे माझी मुलगी, झोपलीय. आडवी झोपलीय, उशीवर डोकं ठेवून, शांत. हे मी मुद्दाम लिहितेय. बाळंतिणीनं आडवं होऊन शांत झोपणं ही केवढी मोठी गोष्ट असते हे या वर्षी मला समजलं.

तू मला आठवतेस ती दोन ठिकाणी. एक म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. एका शनिवारी शाळा लवकर सुटली होती आणि घरी कोणी नव्हतं म्हणून तू मला कामावर घेऊन गेलीस. लांबच लांब फळी, तिच्यावर भोकंच भोकं, आणि उंच स्टुलांवर बसलेल्या बायका कानाला हेडफोन लावून या भोकातली दोरी त्या भोकात खुपसतायत. तू घरी बोलायचीस तशी तिथे बोलत नव्हतीस. आवाज असा काही इस्त्री केलेला की मला वाटलं ही दुसरीच कोणीतरी बाई आहे. मी एका दोरीकडे हात नेला तर तू मान न वळवता म्हणालीस, "हात लाव. कोणालातरी मुंबईऐवजी सोलापूर लागेल, आणि ते बिचारे जन्मभर तिथेच बोलत बसतील." शेजारच्या बायका खुदखुदल्या. डब्याच्या सुट्टीत तू टेलिफोनच्या उरलेल्या रंगीत तारा विणून मला एक बांगडी करून दिलीस. लाल, पिवळी, निळी. वर्गात तशी कोणाकडे नव्हती.

दुसरं ठिकाण म्हणजे मंडईमागच्या आपल्या दोन खोल्यांपैकी आतली, स्वयंपाकाची. भाऊ झाला तेव्हा तुझी बाज तिथेच टाकली होती, कारण बाहेरच्या खोलीत येणाराजाणारा फार. मी नऊ वर्षांची. ऐन उन्हाळा, बाहेर मंडईत कलिंगडांचे ढीग लागलेले, आणि आत तुझ्या बाजेखाली शेगडी. ओवा-वावडिंगाची धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आजी पहाटेपासून उभी असायची. तिचा एक गुडघा धरलेला असायचा, तरी ती तुझं अंग चोळायला पाट घेऊन खाली बसायची आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायची. सासू-सुनेचं तुमचं एरवी काही खास गूळपीठ नव्हतं. पण त्या दिवसांत ती तुला फुलासारखी जपत होती. मी पाहिलंय ते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिच्यावर बोट जाईल.

बाळंतिणीनं पाणी फार प्यायचं नाही, असा तिचा नियम होता. पोट सुटतं, अंगात वारं धरतं, बाळाला सर्दी होते. जेवणानंतर उकळून कोमट केलेलं पाणी फुलपात्रभर, बस. तू एकदा म्हणालीस, "अहो आई, घसा कोरडा पडतोय." ती म्हणाली, "आम्हालाही पडायचा. चार लेकरं झाली मला." आणि दुपारी ती बाहेरच्या खोलीत जरा कलंडली की तू मला हळूच बोलवायचीस. "ठमे, माठातलं एक तांब्याभर आण. आवाज करू नकोस." मी पायाच्या बोटांवर चालत जायची. तू ते पाणी असं प्यायचीस की हनुवटीवरून ओघळ जायचे. मला त्या चोरीची फार मजा वाटायची. तुझं आणि माझं गुपित होतं ते.

मग तुझं डोकं दुखायला लागलं. बाळ दहा-बारा दिवसांचं असेल. आधी सगळे म्हणाले जागरण. मग बाबा म्हणाले, "वर्षानुवर्षं कानाला ते यंत्र लावायचं, डोकं दुखेल नाहीतर काय." खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अशक्तपणा आहे म्हणाले. आजीनं सुंठ उगाळून कपाळाला लावली. मी शाळेत जायला निघायची तेव्हा तू भिंतीला टेकून बसलेली असायचीस, बाळ मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटायचं तू त्याला पाजतेयस. आता वाटतं तू बसून झोपत होतीस. आडवी झालीस की दुखणं वाढत असणार, आणि हे सांगायचं कोणाला आणि कशासाठी, असं तुला वाटलं असणार. तक्रार करायची तुला सवय नव्हती. करायचीस ती विनोद करून.

एक दिवस मी शाळेतून आले, दप्तर खुंटीला लावलं, आणि तू माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहत म्हणालीस, "या, या. आज जुळ्या बहिणी आल्या वाटतं शाळेतून?" मी खूप हसले. मी दाराशी जाऊन परत आले आणि विचारलं, "आणि आता?" तू म्हणालीस, "अजून दोघी. दोघींची वेणी सुटलीय." आपण दोघी हसत होतो. आजीही हसली. आई, तुला खरंच दोन दोन दिसत होतं गं. तिथे तीन जणी होत्या आणि तिघींना तो विनोद वाटला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या, मी माठातून तांब्या भरून नेत असताना आजीला जाग आली. ती उंबऱ्यात उभी राहिली. "गार पाणी? बाळंतिणीला? आईला मारायला निघालीस का गं कारटे?" आपल्या घरात हे वाक्य उठताबसता कोणीही कोणाला म्हणायचं. जिन्यावरून धावलं तरी म्हणायचे. तू म्हणालीस, "तिला नका बोलू, मीच मागितलं." तांब्या आजीनं काढून घेतला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुला झटका आला. तुझे हात आखडले, डोळे वर गेले, तोंडातून फेस. बाळ बाजेवरून पडता पडता आजीनं धरलं. बाबांना हापिसातून बोलावलं, चौकातून रिक्षा आणली. तुला उचलून नेताना तुझा एक हात बाहेर लोंबत होता, तो मी आत ठेवायला गेले तर कोणीतरी मला मागे ओढलं. तू परत आली नाहीस. बाळंतरोग, असं मोठी माणसं म्हणाली. कोणी म्हणालं वारं. कोणी म्हणालं, ओली असताना गार पाणी प्यायली म्हणे.

हे शेवटचं वाक्य मी पाळण्यामागे उभी राहून ऐकलं. तेव्हापासून ते माझ्याजवळ आहे. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, दोन बाळंतपणं निभावली, पण हे मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. शहाण्या बाईसारखं मनाला समजावायची की पाण्यानं कोणी मरत नाही. मन ऐकल्यासारखं करायचं.

आणि तुझा मुलगा. त्याचं वेगळंच. घरात त्याला कोणी कधी एक शब्द बोललं नाही. आजीनं त्याला बाटलीच्या दुधावर वाढवलं, रात्रंदिवस कडेवर घेऊन हिंडली. पण बाहेरच्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? कुठल्याशा मुंजीत एक बाई दुसरीला म्हणाली, "हाच तो, आईला गिळून आलेला." तो सात-आठ वर्षांचा होता, हातात जिलबी होती. त्यानं जिलबी ताटात ठेवली. त्यानंतर त्यानं कधी वाढदिवस करू दिला नाही. त्याची बायको, त्याची मुलं, सगळ्यांना वाटतं त्याला असले सोहळे आवडत नाहीत. आणि या वर्षापर्यंत त्यानं तुझ्याबद्दल मला एकही प्रश्न विचारला नव्हता. फोटोसुद्धा मागितला नव्हता.

या वर्षी माझी मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे, कर्वेनगरला आली. आयटीत आहे ती, शेवटच्या आठवड्यापर्यंत लॅपटॉप मांडीवर. सिझेरियन झालं, मुलगी झाली. घरी आलो, सगळं छान चाललं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. मी विचारलं तर म्हणाली, "आई, चिल. स्पायनल दिलं होतं ना, पाठीतलं इंजेक्शन. त्याचा हेडेक असतो, सगळ्यांना होतो, मी वाचलंय." ती वाचते, मी काय वाचते? पण मी पाहत होते. ती उशा रचून बसून झोपायला लागली. सकाळी उठली की ओकाऱ्या. पाणी पी म्हटलं तर पोटात ठरेना. एका सकाळी मी तिच्यासाठी पेज घेऊन आत गेले, तर ती एक डोळा हातानं झाकून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, जरा एका जागी उभी राहा ना. दोन दोन दिसतेयस."

पेजेची वाटी कुठे ठेवली मला आठवत नाही. बाळ ह्यांच्या हातात दिलं, जावयाला म्हटलं गाडी काढ. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांची संध्याकाळची अपॉइंटमेंट आहे." मी म्हटलं, "संध्याकाळ नाही. आत्ता." माझा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मुलगी होती, माझ्या मुलीहून लहानच. चांगली होती, घाईत होती. "काकू, सिझेरियननंतर असं होतं. भरपूर झोपून राहायचं, दोन-चार दिवसांत थांबतं."

"झोपलं की वाढतंय तिचं. बसलं की कमी होतं."

ती लिहायची थांबली. "उलट हवं खरं तर."

"आणि दोन दोन दिसतंय. माझी आई अशीच गेली. माझ्या भावाच्या वेळी, बाळंतपणानंतर. तिलाही दोन दोन दिसत होतं, तीही बसून झोपायची, आणि मग तिला झटका आला."

आई, तुझ्याबद्दल एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तेही एका परक्या मुलीशी, सगळ्यांच्या देखत. ती म्हणाली, "थांबा," आणि पळतच आत गेली. मेंदूचे मोठे डॉक्टर आले. पांढरे केस, बोलणं कमी. त्यांनी बॅटरी घेऊन हिच्या डोळ्यांत किती वेळ तरी पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्यामागच्या नसा सुजल्यायत. आधी एमआरआय." ती यंत्राच्या बोगद्यात गेली आणि मी बाहेर बाकावर बसून पदराचं टोक पिळत राहिले.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या असतात, आणि मेंदूतलं रक्त परत हृदयाकडे आणणाऱ्या शिरा असतात. त्या परतीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त जरा दाट असतं, लवकर गोठतं, म्हणजे जखम भरावी म्हणून निसर्गाचीच सोय. क्वचित कोणाला ती सोय उलटते. परतीची वाट बंद झाली की रक्त मेंदूत तुंबतं, डोक्यातला दाब वाढतो, म्हणून दुखतं, म्हणून दोन दोन दिसतं. डॉक्टरांनी हे सगळं कागदावर चित्र काढून दाखवलं. मी त्या चित्राकडे बघत होते आणि मला आपली आतली खोली दिसत होती.

हिला वॉर्डात नेलं, सलाइन लावलं, आणि औषध सुरू होतंय तोवरच तिला झटका आला. भर दुपारी. तेच, आई. तसेच हात, तसेच डोळे. फक्त या वेळी तिच्याभोवती चौघं धावत आली, इंजेक्शन दिलं, कुशीवर वळवलं, आणि ते थांबलं. पण तिचा उजवा हात पडल्यासारखा झाला. पुन्हा फोटो काढला, तर आत थोडा रक्तस्रावही झालेला. डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायचं औषध चालूच ठेवायचं.

जावई उसळलाच. "डॉक्टर, आत ब्लीडिंग आहे आणि तुम्ही रक्त पातळ करताय?"

"तुमच्या सोसायटीचं ड्रेनेज कधी तुंबलंय का?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

"हो, पण..."

"पाणी घरात येतं तेव्हा फरशी पुसत बसता, की खाली जाऊन तुंबलेलं मोकळं करता? मेंदूत जे रक्त झिरपलंय ते तुंबल्यामुळे. वाट मोकळी करायला हवी. धोका आहे. न देण्यात जास्त आहे."

ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. माझा भाऊ रोज यायचा. डबा आणायचा, कोणाशी न बोलता बाकावर बसायचा. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, पण जावयाकडून त्याला कळलं होतं की ताई डॉक्टरांना आईबद्दल काहीतरी बोलली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टर फेरी संपवून बाहेर आले, तेव्हा तो उठून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, कानशिलं पांढरी झालेला, हात पाठीमागे बांधून शाळेतल्या मुलासारखा. "डॉक्टर, आमची आई माझ्या वेळी गेली. हेच असेल का?"

"लक्षणं तीच सांगतायत तुमच्या भगिनी. खात्रीनं आता कोण सांगणार? पण असावं."

"मग तेव्हा उपाय होता?"

"तेव्हा हे ओळखायलाच काही साधन नव्हतं इथे. आजसुद्धा निसटतं हातातून. सगळी डोकेदुखीच वाटते." ते जायला निघाले, मग थांबले. याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार त्यांना. "हे बाळंतपणानंतर होतं, बाळामुळे नाही. कोणी तसं म्हणत असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे अशा लोकांसाठी खास वेळ राखीव आहे."

तो हसला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, म्हणजे मी नाही ना." मी त्याला जवळ ओढला. आई, तुझा मुलगा हॉस्पिटलच्या जिन्याशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि येणारेजाणारे आमची मुलगी गेली असं समजून बाजूनं हळू चालत होते. नंतर कॅंटीनमध्ये चहा घेताना तो म्हणाला, "कशी होती ती? मला सगळं सांग." मी एक्स्चेंजपासून सुरुवात केली. सोलापूरचं सांगितलं तेव्हा त्याच्या नाकातून चहा आला.

माझा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी विचारला, डॉक्टर एकटे सापडले तेव्हा. विचारताना मला माझीच लाज वाटत होती. "डॉक्टर, गार पाणी प्यायल्यानं होतं का हो हे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, पाणी न प्यायल्यानं होतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी दाट होतं. गार, गरम, कसलंही चालेल, प्या म्हणावं."

मी बाकावर बसले. मला आजीचा राग येईल असं वाटलं होतं, मी वाटही पाहिली. आला नाही. तिला तिच्या सासूनं तेच शिकवलं होतं आणि ती चार बाळंतपणांतून तगली होती. तिनं तुला तिच्याजवळचं सगळं दिलं, आणि त्यात हेही होतं. म्हातारपणी ती कधीकधी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "काय कमी केलं गं मी?" मला वाटायचं देवाशी बोलतेय. आज असती तर मी तिला हे कारण सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. तिचे पाय चेपले असते.

मुलगी सावरली. हळूहळू. आधी उजव्या हाताची बोटं हलली, मग मूठ वळायला लागली. बाळाला रोज तिच्याकडे न्यायचो आणि सिस्टर धरून तिच्या अंगावर लावायची. ही म्हणायची, "लॅपटॉप गेला खड्ड्यात, मला हिला धरता आलं पाहिजे." घरी आली तेव्हा झबल्याची नाडी बांधता येत नव्हती. पहिल्यांदा जमली त्या दिवशी तिनं ती चार वेळा सोडून बांधली, आणि पोरगी वैतागून किंचाळायला लागली. अजून गोळ्या चालू आहेत, रक्त तपासावं लागतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या आता घ्यायच्या नाहीत अशी ताकीद आहे. दिसणं एक झालंय.

डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला सांगितलं. जरा लवकर गोठण्याचा गुण माझ्या रक्तात निघाला. मी सुटले ते नशीब. तो आईकडून येतो की वडिलांकडून ते आता सांगता येणार नाही म्हणतात. माझा रंग बाबांचा, नाक आजीचं, आणि तुझं माझ्यात काय आहे ते कोणाला कधी सापडलं नाही. मी ठरवून टाकलंय, हे तुझं.

आज सकाळी मुलगी पलंगावर बसली होती. बाळ तिच्या समोर, मान नुकती धरायला लागलेलं. हिनं दोन्ही हातांनी तिला उचलून तोंडासमोर धरलं, आणि ती एवढीशी पोर आईचं तोंड बघून हसली. नुसतं तोंड बघून. जावई म्हणाला, "आई, बघा ना!" मी गॅलरीत निघून आले, नाक पुसत. आत सगळे म्हणाले असतील, आनंद झाला बिचारीला. झालाच होता. पण कोणालाही न दाखवता, न पाठवता, इथे तुलाच सांगते. मला त्या चार महिन्यांच्या पोरीचा हेवा वाटला.